सिल्व्हर नायट्रेट: साठवण आणि वापर

प्रश्न (लातूर): सॉल्ट प्रिंटसाठी (मिठाच्या पाण्यात भिजवलेल्या कागदावर फोटो छापण्याची जुनी पद्धत) मी सिल्व्हर नायट्रेटचे १२ टक्क्यांचे द्रावण केले, पण बोअरचे पाणी घालताच ते दुधासारखे पांढरे झाले. मे महिन्यातल्या उन्हाळ्याने उरलेले स्फटिकही खराब होतील का?

उत्तर (परभणी): दादा, दोष पाण्याचा आहे. आपल्याकडच्या बोअरच्या पाण्यातील क्लोराइडशी चांदीचा संयोग होऊन न विरघळणारे सिल्व्हर क्लोराइड तयार होते, म्हणून डिस्टिल्ड पाणीच घ्यावे. स्फटिक २१२ अंश सेल्सिअसला वितळतात, तेव्हा उन्हाळ्याची धास्ती नको. मात्र धूळ किंवा कागदाचा कण मिसळला की उजेडात ते काळवंडतात. तपकिरी काचेची, घट्ट बुचाची बाटली कुलूपबंद कपाटात ठेवावी. अमोनिया मिसळलेले द्रावण मुळीच साठवू नका, त्यातून स्फोटक पदार्थ तयार होतो.

उत्तर (नांदेड, परिचारिका): जर्मनीतील डॉ. क्रेडे यांनी १८८१ च्या सुमारास नवजात बाळांच्या डोळ्यांसाठी याचे २ टक्क्यांचे थेंब वापरून कितीतरी बाळांची दृष्टी वाचवली. तुमचे द्रावण त्याच्या सहापट तीव्र आहे, म्हणून चष्मा आणि हातमोजे घालाच. डोळ्यात उडाल्यास किमान १५ मिनिटे स्वच्छ पाण्याने धुऊन तडक दवाखाना गाठा. आमच्याकडे जखमेवर वाढलेले मांस जाळायला याची कांडी वापरतात, पण फोटोचे रसायन जखमेला कधीही लावू नका.