विजयदुर्गाच्या गावाकडच्या बाजूला एवढी तयारी कशासाठी?

धरमपेठचा भटक्या:
सुट्टीत घरच्यांना घेऊन कोकणातल्या विजयदुर्ग किल्ल्यावर जाऊन आलो. तिहेरी तट पाहून पोरं खूश. मला मात्र गावाकडची बाजू खटकली. आधी खंदक (आता बुजवलाय, वरून रस्ताच जातो), मग पडकोट (मुख्य तटाबाहेरची भिंत), मग जिभीचा (दारापुढच्या आडभिंतीचा) दरवाजा आणि त्यानंतरही वळसा. आरमाराचा किल्ला ना हा? मग जमिनीकडे एवढी मेहनत काहून?

दर्यावर्दी:
तीन बाजूंना पाणी, राहिली एक. घेरा घालणारा तिकडूनच येणार. 1756 च्या फेब्रुवारीत इंग्रज आरमारप्रमुख वॉटसनच्या जहाजांनी तोफा डागल्या, तुळाजी आंग्र्यांचं आरमार जळालं, पण इंग्रजांच्याच क्लाइव्हला फौज जमिनीवर उतरवावीच लागली.

मुरूमवाला:
भाऊ, मी रस्त्याच्या भरावाची कामं घेतो, म्हणून मातीबद्दल बोलतो. दगडी भिंतीवर गोळा बसला की कपच्या उडतात, जवळचा माणूस त्यानंच जखमी होतो आणि एक चिरा निखळला की शेजारचाही हलतो. मातीत गोळा रुतून बसतो. रात्री घमेल्यांनी माती टाकली की भगदाड गायब. राजस्थानातल्या भरतपूरला 1805 मध्ये इंग्रज सेनापती लॉर्ड लेकनं चारदा हल्ला केला, चारही वेळा मागे फिरला. आत यशवंतराव होळकर होते, बाहेर मातीचा तट आणि पाण्यानं भरलेला खंदक.

खंदकाचा हिशेबही पाहा. निघालेली माती आतल्या काठावर टाकली की पुरुषभर खोदाईत समोरच्याला जवळपास दुप्पट चढावं लागतं. बाहेरच्या काठाला हलका उतार दिला तर तटाचा पायथा लांबच्या तोफेला दिसतच नाही.

धरमपेठचा भटक्या:
मग कोकणात सगळीकडे मातीचेच तट का नाही बांधले?

मुरूमवाला:
पाऊस राजेहो! तिकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पडतो. उघड्या भरावाला पहिल्याच पावसात घळी पडतील. म्हणून तोंडाला जांभ्याचा चिरा. आपली विदर्भातली काळी माती तर या कामाची नाहीच. मे महिन्यात हात जाईल एवढी भेग अन् जुलैत फुगलेली. साइटवर ती उपसून फेकायचे पैसे वेगळे लागतात, ते कुणी देत नाही.

दर्यावर्दी:
वसई विसरू नका. पोर्तुगीजांचा कोट दगडी होता, पण 1739 मध्ये चिमाजीअप्पांच्या लोकांनी वाळूत मोर्चे (आडोशाचे चर) खणत जवळ जाऊन बुरुजांखाली सुरुंग पेरले. खणणाऱ्याला आधी लांब ठेवायचं, बाहेरच्या खंदकाचं खरं काम तेच.

मुरूमवाला:
भटक्याभाऊ, एक मेला नागपूरचा सीताबर्डीचा किल्ला लोकांसाठी उघडतात. 1817 च्या लढाईनंतर इंग्रजांनी बांधलेला. टेकडीचा उतार कसा वापरलाय ते बघा. ओळखपत्र न्या, लष्कराच्या ताब्यात आहे.