फ्रिडाचं न्हाणीघर उघडायला हवं होतं का?

ओसरी

परवा रात्री इशिउची मियाको या जपानी छायाचित्रकार बाईने काढलेले मेक्सिकोची चित्रकार फ्रिडा काहलो हिच्या वस्तूंचे फोटो बघत बसले होते. लॅपटॉप मिटला, दिवा घालवला, पण एक लाल बूट काही डोळ्यांपुढून हलेना. म्हणून हा धागा.

ज्यांना मागचं-पुढचं ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. फ्रिडा १३ जुलै १९५४ ला गेली, मेक्सिको सिटीच्या कोयोआकान भागातल्या तिच्या निळ्या घरात, जिथे आता तिचं संग्रहालय आहे. नवऱ्याने, म्हणजे दिएगो रिव्हेराने, तिच्या खाजगी वस्तू न्हाणीघरात ठेवून त्याला कुलूप घातलं आणि 'मी गेल्यावर पंधरा वर्षं उघडू नका' असं सांगून ठेवलं. तो १९५७ ला गेला. घराचा कारभार ज्यांच्याकडे आला त्या डोलोरेस ओल्मेदोबाईंनी पंधरा वर्षं उलटून गेल्यावरही कुलपाला हात लावू दिला नाही. त्या २००२ ला वारल्या आणि २००४ मध्ये दार उघडलं. म्हणजे जवळजवळ पन्नास वर्षं कोंडलेली हवा! आत काय होतं? तीनशेच्या आसपास कपडे, पाठीला आधार देणारे कॉर्सेट, कुबड्या, औषधं, नखाचं पॉलिश, आणि तो लाल बूट चढवलेला कृत्रिम पाय.

दार उघडल्यावर दोनेक वर्षांत मेक्सिकोच्याच ग्रासिएला इतुर्बिदेने तिथे कृष्णधवल फोटो काढले. २०१२ मध्ये इशिउची आली, तिचे फोटो रंगीत.

माझी हरकत अशी. लोक म्हणतात, फ्रिडाने स्वतःचं दुखणं आयुष्यभर चव्हाट्यावर मांडलं, मग आता लपवायचं काय राहिलं? १९२५ चा बसचा अपघात, मोडलेला कणा, कॉर्सेट, सगळं तिने रंगवलंच की. हो, रंगवलं. पण काय दाखवायचं आणि किती, ते तिने ठरवलं. सहाव्या वर्षी पोलिओ झाल्यापासून उजवा पाय बारीक राहिला होता. तो तिने लांब घागऱ्यांखाली झाकला. १९५३ मध्ये तो गुडघ्याखाली कापावा लागला. त्या जागी लावलेला पाय आज पांढऱ्या भिंतीवर मोठा करून टांगलेला आपण बघतो, २०१५ मध्ये लंडनच्या गॅलरीत हे फोटो लागले होते. हे तिला कोणी विचारलं?

माझ्या आजीला पोलादी पट्ट्यांचा कमरेचा पट्टा होता. दारात कोणी आलं की पदर आधी त्याच्यावर यायचा, मग 'या, बसा'. ती गेल्यावर तिच्या साड्या वाटल्या, भांडी वाटली. पट्ट्याचं काय करायचं कळेना. द्यायचा कोणाला आणि टाकायचा कसा? आत्याने जुन्या चादरीत गुंडाळून माळ्यावर ठेवला, अजून तिथेच आहे. दिएगोने तरी वेगळं काय केलं होतं?

निवडुंग

मढ्याच्या टाळूवरचं लोणी, दुसरं काय! फ्रिडा म्हणजे आता पिशवी, कप, उशीचा अभ्रा. २०१८ मध्ये तिची बार्बी निघाली, तीही तिच्या जुळलेल्या भुवया नीट शहाण्यासारख्या कोरून. घरच्यांनी दावा लावल्यावर मेक्सिकोतल्या कोर्टाने तिथली विक्री थांबवली. त्यापुढे हे फोटो म्हणजे तेच दुकान, फक्त काचेचं कपाट जरा महागातलं.

लोलक

निवडुंग, फोटो पाहिलेत का? खोचकपणे नाही विचारत. कारण बार्बीत काय विकलं जातं? चेहरा. भुवया, फुलं, शाल. इशिउचीच्या फोटोंत चेहराच नाही. मला तर पहिल्यांदा त्या बाईचा छापील चेहरा बाजूला झाल्यासारखं वाटलं.

तीन आठवडे ती त्या घरात काम करत होती. साधा ३५ मिमीचा कॅमेरा, हातात धरलेला, आणि दिवसाचा उजेड. स्टुडिओच्या दिव्यांचा झगमगाट नाही. त्यामुळे दिसतं काय, तर रफू. मोज्यांना घातलेले टाके. आणि बुटांची जोडी, ज्यात उजव्याची टाच डाव्यापेक्षा उंच केलेली आहे. फ्रिडाच्या चित्रांत तुम्हाला रक्त दिसेल, खिळे दिसतील, फाटलेलं हृदय दिसेल. सकाळी उठून बूट चढवायची रोजची खटपट कुठे दिसते?

आणि ही बाई कुठून आली तेही बघा. २००० मध्ये तिची आई गेली. आईशी फारसं पटायचं नाही. मागे राहिलेली लिपस्टिक, आतले कपडे, कवळी यांचे फोटो काढत ती बसली. २००५ च्या व्हेनिस बिएनाले या मोठ्या कलाप्रदर्शनात ते लागले. मग हिरोशिमाच्या संग्रहालयातले बॉम्बमधून राहिलेले कपडे. 'इशिउची मियाको' हे तिच्या आईचं लग्नाआधीचं नाव, ती ते घेऊन काम करते. अशी बाई दुसऱ्या एका मेलेल्या बाईच्या कपाटाशी उभी राहते तेव्हा ती लोणी खायला आलेली नसते.

इतुर्बिदेबद्दल मात्र मी थोडा साशंक आहे. कुबड्या, डाग पडलेला गाऊन, टाइल्सच्या भिंतीला टेकलेली कॉर्सेट, इथपर्यंत ताकदीचं काम. पण मग ती स्वतः त्याच टबात उतरते आणि आपल्या पावलांचा फोटो काढते. फ्रिडाचं १९३८ चं टबातल्या पायांचं चित्र माहीत असलेल्यांना लगेच कळावं म्हणून. तिथे मला वाटलं, बाई, आता जरा बाजूला व्हा.

निवडुंग

पाहिलेत, म्हणूनच बोलतोय. ती कवळी हिच्या स्वतःच्या आईची होती. हिरोशिमाचे कपडे नातलगांनी आपण होऊन संग्रहालयाला दिले, लोकांनी बघावेत म्हणूनच. इथे बोलावलं कोणी? तिकिटं विकणाऱ्या संग्रहालयाने. रफू सुंदर असेल हो. पण चोरून ऐकलेलं गाणंही सुंदर असू शकतं.

कापडचोपड

मी कापडांच्या जतनाचं काम करते म्हणून एक रुक्ष मुद्दा. कुलपात ठेवलं म्हणजे जपलं असं नसतं. न्हाणीघर ही तर सगळ्यात वाईट जागा, ओल आणि कसर दोन्ही. घडीवर घडी तशीच राहिली की रेशीम घडीवरच तुटतं. उघडलं नसतं तर आणखी काही वर्षांनी तिथे भुगा सापडला असता, मग त्याची खाजगीपणे पूजा करा.

आणि बाहेर काढलं तरी कापड सतत मांडून ठेवता येत नाही. आमच्याकडे पन्नास लक्सच्या आत, म्हणजे अगदी मंद उजेड ठेवतात, त्यातही काही महिन्यांनी कपडा अंधारात विश्रांतीला जातो. फोटो असला की कापडाला झोपू देता येतं.

लोलक

कापडचोपड, मुद्दा पटला, पण त्या कामाच्या फोटोत बाजूला मोजपट्टी आणि रंगांची पट्टी असते ना? इशिउचीच्या फोटोत नाही. कपडा तिरका पडलाय, एखादी बाही चौकटीबाहेर गेलीय. ही नोंद नव्हे. तिच्या बाजूने बोलायचं तर कला म्हणूनच बोलूया, जतनाच्या पदराआड नको.

कापडचोपड

मान्य. मोजपट्टीवाले आमचे फोटो कोणी भिंतीवर लावत नाही हे दुःख आहेच. :)

कोपरा

मला एक प्रश्न पडलाय. इटलीत बोलोन्याला जॉर्जो मोरांदी नावाचा चित्रकार होता, जन्मभर त्याच त्या बाटल्या, बरण्या, डबे रंगवत राहिला. १९६४ ला गेला. लुइजी गिर्रीने १९८९-९० मध्ये त्याच्या खोल्यांचे फोटो काढले. २०१५ मध्ये अमेरिकेचा जोएल मायरोविट्झ गेला आणि त्याने तर मोरांदीच्या टेबलाशी बसून अडीचशेवर वस्तू एकेक करून उचलून, मांडून टिपल्या. हात लावला, धुळीसकट. कोणी म्हणालं का, बिचाऱ्याला विचारलं होतं का? उलट सगळे 'वा, काय तो प्रकाश' म्हणत बसले. मीही.

म्हणजे ओसरी, तुमची हरकत फोटोला नाहीये. बाटलीला चालतं, बाईच्या पायाला चालत नाही.

ओसरी

कोपरा, फरक आहेच की. मोरांदीची बाटली हे त्याचं हत्यार, ती त्याने हजारदा जगाला दाखवली होती. न्हाणीघर ही दार लावून घ्यायची जागा. बाई-पुरुष मुद्दा नाही. मोरांदीचा हर्नियाचा पट्टा टांगला असता तरी मी हेच म्हटलं असतं. (पट्टा होता की नव्हता, देव जाणे.)

दुपारची_झोप

मी ह्यूस्टनला असतो, तिथून मेक्सिको सिटीला जाऊन आलोय, म्हणून जत्रेचा आँखो देखा हाल. रस्त्यावर वळणापर्यंत रांग. फोटो काढायचे तर वेगळे पैसे. आत स्टुडिओत इझलपुढे तिची चाकाची खुर्ची. पलंगावर छतात आरसा, पडल्यापडल्या स्वतःला रंगवता यावं म्हणून. आणि एका पलंगावर शालीत गुंडाळलेला तिच्या मृत चेहऱ्याचा साचा. माझ्या पुढच्या जोडप्याने त्याच्यासोबत सेल्फी घेतला, दोनदा, कारण पहिल्यात डोळे मिटले होते. त्यांचे.

कपडे काचेपलीकडे, अंधुक उजेडात, मागून रांगेचा रेटा. मला त्यांतलं एकही धड आठवत नाही. इशिउचीचे फोटो नंतर घरी बघितले तेव्हा टाचांतला फरक दिसला. आता बोला, घरात जाऊन जास्त आगाऊपणा कोणी केला, मी की तिने?

सावकाश_चाल

एरवी वाचनमात्र असते, आज लिहिते.

दोन वर्षांची असताना मला पोलिओ झाला. डाव्या पायाला कॅलिपर आहे, पन्नास वर्षं झाली. चामड्याच्या पट्ट्या, बाजूने पोलादी सळ्या, आणि बूट मोच्याकडून खास करून घ्यावा लागतो. पूर्वी आमचा मोची टाचेला थरावर थर चिकटवून द्यायचा आणि मग 'चालून दाखवा' म्हणायचा, दुकानासमोरच्या फुटपाथवर, येणाऱ्याजाणाऱ्यांसमोर. तेव्हा मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

आता ओसरी, तो लाल बूट नीट बघा. तुम्ही पाय पाहिला, बूट पाहिला नाहीत. लाल चामडं, त्यावर चिनी भरतकामाचं रेशीम, आणि वर छोटी घंटी. घंटी! लपवायचंच असतं तर घुंगरू कोण बांधतं? चालताना वाजणार ते. माझ्या कॅलिपरची बिजागरी वाजते तर मी तेल घालून गप्प करते. तिने मुद्दाम वाजती केली. प्लॅस्टरच्या कॉर्सेटवर विळा-हातोडा रंगवणारी बाई ती. न्हाणीघराला कुलूप तिने घातलं नव्हतं, नवऱ्याने घातलं. माणूस मेल्यावर तिची लाज कोणती ते घरच्यांनी ठरवायचं, ही रीत आपल्याकडेही आहेच.

राग मानू नका. पण 'ते झाकलेलं बरं' हे मी आयुष्यभर प्रेमळ माणसांकडूनच ऐकलंय.

निवडुंग

सावकाश, तुमच्यापुढे वाद घालायची माझी प्राज्ञा नाही, तरी एक विचारतो. घंटी तिच्या निवडीची, मान्य. डाग पडलेला गाऊन? तोही तिच्या निवडीचा?

सावकाश_चाल

नाही. तो मलाही नको होता. इतुर्बिदेचा तो फोटो मी उलटून पुढे गेले.

लोलक

मग एकाच न्हाणीघरातल्या दोन वस्तूंना दोन न्याय?

सावकाश_चाल

हो. कपाट आवरताना आपण काय वेगळं करतो?

कोपरा

यावर पुढे काही सुचत नाहीये. चहा टाकतो.

ओसरी

सावकाश, घंटी मला दिसलीच नव्हती. काल पुन्हा उघडून पाहिली. गाऊनबद्दल माझं म्हणणं तेच आहे, आणि तिला कोणी विचारलं नाही हेही तेच. पायाबद्दल मात्र आता ठाम बोलवत नाही.

संध्याकाळी भाच्याला माळ्यावर चढवलं. चादर कुबट झाली होती, पट्टा ठीक आहे, एका बाजूला जरा गंज. आतून आजीने जुन्या लुगड्याचं अस्तर लावलंय. मला वाटलं होतं नुसतं गुंडाळलंय, पण नाही, चारी बाजूंनी बारीक हातशिलाई, आणि काठ अचूक मध्यभागी आणलाय, अंजिरी. हे लुगडं कोणतं ते आईने लगेच ओळखलं.

आई म्हणते फोटो काढ, आत्या फोनवर म्हणते खबरदार. पट्टा सध्या जेवणाच्या टेबलावर आहे आणि आम्ही दोन दिवस ताटं घेऊन आतल्या खोलीत बसतोय.