शब्दचर्चा: 'लवचीक ध्येय' की आपला साधा 'नेम'?

विचारणा

कार्यालयातून एक तक्ता आला आहे. त्यात 'लवचीक वैयक्तिक ध्येये' असा रकाना आहे आणि तो १ जानेवारीच्या आत भरून द्यायचा आहे. कल्पना मला मनापासून पटते. माझं कंत्राट दर तीन महिन्यांनी वाढतं किंवा वाढत नाही, आईच्या तब्येतीचं आज एक तर उद्या दुसरंच. अशात वर्षभराचं काही ठरवायचं तर ते प्रसंगी वाकणारंच हवं. पण शब्दापाशी अडखळते. 'ध्येय' म्हणजे ज्याचं ध्यान करायचं ते. ते लवचीक कसं असेल? 'उद्दिष्ट' म्हटलं की मार्चअखेर आणि वसुली आठवते. 'पण' म्हणजे तर पैजच. यासाठी बोलण्यातला एखादा शब्द असणारच. तुम्ही काय म्हणता?

प्रतिसाद

'संकल्प' आहे की! नव्या वर्षाचा संकल्प.

विचारणा करणारी

आहे, पण 'संकल्प' म्हटलं की पुढे 'मोडला' हेच येतं. माझ्या मनात तो ताठच आहे.

प्रतिसाद

ताई, तो ताठ आपण केला. मी चाळीस वर्षं पूजा सांगतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पूजेच्या आरंभी संकल्प सोडतात तेव्हा आधी स्थळ-काळ सांगावा लागतो. दंडकारण्य देश, गोदावरीचं दक्षिण किंवा उत्तर तीर, शालिवाहन शक, संवत्सराचं नाव, अयन, ऋतू, मास, पक्ष, तिथी. मी कुठे आहे आणि वेळ कोणती आहे हे उच्चारल्याशिवाय 'मी करीन' म्हणता येत नाही. मग येतं 'यथाज्ञानेन यथामिलितोपचारद्रव्यैः'. म्हणजे मला जेवढं कळतं तेवढ्यानिशी आणि जे साहित्य मिळालं त्यानिशी. सोळा उपचार सांगितलेले असतात. वस्त्र नसेल तर कापसाचं वस्त्र, तेही नसेल तर अक्षता. सवलत मागाहून मागायची नसते, ती संकल्पाच्या वाक्यातच असते. शेवटचं क्रियापद 'करिष्ये'. ते आत्मनेपदी, म्हणजे फळ करणाऱ्याला मिळायचं आहे असं सांगणारं. तुमच्या रकान्यातलं 'वैयक्तिक' तिथे आलं.

२०२० सालचा पाडवा २५ मार्चला होता. देशभराच्या टाळेबंदीचा तो पहिला दिवस. त्या सकाळी मी फोनवरून एका घरी पूजा सांगितली. शके १९४२, संवत्सराचं नाव शार्वरी. शर्वरी म्हणजे रात्र. यजमानांकडे फुलं नव्हती, आंब्याचा डहाळा नव्हता, कडुलिंब तेवढा अंगणात होता. 'यथामिलित' हा शब्द त्या दिवशी मी थांबून, अर्थ सांगून म्हटला. पुढच्या संवत्सराचं नाव होतं प्लव, म्हणजे तराफा. नावं ठरलेल्या क्रमानेच येतात, त्यातून भविष्य काढू नये, पण मला ती दोन नावं अजून आठवतात.

प्रतिसाद

काकांच्या लिहिण्याला एक जोड. संकल्प 'सोडतात' म्हणजे हातावरून पळीभर पाणी ताम्हनात सोडतात. दान देतानाही उदक सोडतात. तिथून मराठीत 'एखाद्या गोष्टीवर पाणी सोडणे' आलं, हक्क सोडून देणे या अर्थी. धरायची खूण आणि सोडायची खूण एकच आहे, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. वर्षाच्या सुरुवातीला काय करणार हे लिहिताना कशावर पाणी सोडणार हेही लिहिलं पाहिजे. दोन्हीला पळी तीच.

प्रतिसाद

माझं मत 'बेत'.

वडील शिंपी होते. कापड टेबलावर पसरून खडूने खुणा करायचे, त्याला आमच्याकडे 'बेतणं' म्हणतात. गिऱ्हाईक म्हणायचं, पूर्ण बाहीचा सदरा हवा. कापड कमी असलं तर वडील आधी सांगायचे, अर्ध्या बाहीचा बेतूया. कात्री लागण्याआधी. 'बेत' म्हणजे योजना, आणि 'बेताचा' म्हणजे माफक: बेताची उंची, बेताची परिस्थिती, मीठ बेताने घाल. योजना आणि माप एकाच शब्दात असलेला दुसरा शब्द मला तरी माहीत नाही. शिवाय बेत बदलला तर कोणी अपराधी होत नाही. 'संकल्प बदलला' म्हणताना जीभ चाचरते, 'बेत बदलला' सहज म्हणतो.

विचारणा करणारी

हे फार आवडलं. पण बेत एका दिवसाचा, सहलीचा, जेवणाचा वाटतो. वर्षभर पुरेल का?

प्रतिसाद

पुरतो. आमच्या मराठवाड्यात खरिपाचा बेत असतोच की. पण तो तारखेवर नसतो, वाफशावर असतो. पाऊस पडला म्हणून लगेच पेरत नाहीत. जमीन चिखलही नको आणि कोरडीही नको, त्या मधल्या ओलीला वाफसा म्हणतात. वाफसा आला की पेरणी. मृगात आला तर मूग-उडीद. जुलैचा पहिला पंधरवडा उलटला तर मुगाचा नाद सोडायचा आणि तूर, बाजरी, सूर्यफुलाकडे वळायचं. उगवून करपलं तर दुबार पेरणी. त्यात बियाण्याचा पैसा दुसऱ्यांदा जातो, म्हणून ते हसतखेळत लिहिण्यासारखं नाही. पण 'शेती करायची' हे त्याने बदलत नाही. तुम्ही '१ जानेवारीपासून' लिहिण्याऐवजी 'वाफसा आला की' लिहा. एखादा वर्ग लावायचा असेल तर आधी कंत्राट वाढल्याचं कळू दे, मग त्याची फी भरा.

प्रतिसाद

सगळं वाचलं. मला मात्र 'नेम' सुचतो, आणि तो का, हे थोडं मोकळेपणाने लिहिते.

'नियम'चा नेम झाला. अर्थ पाहा किती. नेम धरणं: निशाणा साधणं, नेमबाज त्यातलाच. नेमाने करणं: न चुकता, रोज. आणि 'पावसाचा काही नेम नाही': खात्री नाही. ध्येय, सवय आणि निश्चितता हे तिन्ही अर्थ या दोन अक्षरांत आहेत. अनिश्चित काळ म्हणजे ज्याचा नेम नाही असा काळ. त्यात माणसाने काय करायचं, तर नेम करायचा. नेमका, नेमणूक, नेमस्त हेही याच घरातले. 'नेमस्त' हा शब्द टिळकांच्या काळात मवाळांसाठी वापरला गेला, पण मुळात त्याचा अर्थ मर्यादेत राहणारा असा आहे, आणि तो मला इथे हवा आहे.

दुसरं म्हणजे क्रियापदं. नेम मोडतो आणि नेम चुकतोही. हे दोन वेगळे. मोडला की संपलं. चुकला की पुन्हा धरायचा. माझी आजी चातुर्मासात कांदा-लसूण सोडायची. एखाद्या लग्नात नकळत खाल्लं गेलं तर 'आज नेम चुकला' म्हणायची, दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरू. 'मोडला' हा शब्द तिच्या तोंडून मी ऐकला नाही. आणि चातुर्मासाच्या नेमाला मुदत असते, आषाढी ते कार्तिकी. ज्याला जे झेपेल ते तो सोडतो. २०२०मध्ये अधिक आश्विन आला, चातुर्मास पाच महिन्यांचा झाला, नाव मात्र चातुर्मासच राहिलं.

त्याच वर्षी पालख्या पायी निघाल्या नाहीत. पादुका १ जुलैच्या एकादशीसाठी एसटीने पंढरपूरला गेल्या. आमच्या घरचे त्या वर्षी गावातल्याच विठ्ठलमंदिराच्या बंद दारापर्यंत चालत जाऊन आले. वारीचा नेम चुकला असं त्यांच्यापैकी कोणी म्हटलं नाही.

प्रतिसाद

'लवचीक'लाही टाकू नका. 'लवणे' म्हणजे वाकणे. डोळ्याचं पातं लवतं, कणसाच्या भाराने ताट लवतं. चांगला मराठी शब्द आहे, फक्त 'ध्येया'शी त्याचं जमत नाही. आणि 'ची' दीर्घ लिहा. 'लवचिकता' लिहिताना मात्र ती ऱ्हस्व होते.

विचारणा करणारी

मथळा मला बदलता येत नाही, छापील आहे. त्याखाली पेन्सिलीने दोन भाग केले. 'बेत': कंत्राट वाढल्याचं पत्र आलं की संध्याकाळचा हिशेबाचा वर्ग, नाही आलं तर मार्चपर्यंत तीन ठिकाणी अर्ज. 'नेम': आईबरोबर रोज अंगणात चार फेऱ्या, तिला बरं नसेल त्या दिवशी खाटेशी बसून वर्तमानपत्र वाचून दाखवणं. मुदत गुढीपाडव्यापर्यंत. आणि सगळ्यात खाली, काकांना विचारून, 'यथामिलित' लिहिलं आहे. ल ऱ्हस्वच आहे ना, एवढं सांगा. उद्या तक्ता द्यायचा आहे.

प्रतिसाद

'मि' ऱ्हस्व, 'लि' ऱ्हस्व. बरोबर लिहिलंत. आईंना नमस्कार सांगा.