पोलीस भरतीची तयारी : अंड्यातलं पिवळं खायचं की टाकायचं?

मैदानी_गडी
नमस्कार. वय २२, उंची १७१, वजन ७४. कोल्हापुरात खोली घेऊन भरतीची तयारी चाललीय. सकाळी मैदान (१६०० मीटर, १०० मीटर, गोळा), संध्याकाळी जिम. १६०० ला शेवटच्या फेरीत वजन जाणवतं, म्हणून तीन-चार किलो उतरवायचेत. पण गोळ्याची ताकद जायला नको.

जिमचा ट्रेनर म्हणतो, रोज आठ अंड्यांचं फक्त पांढरं खा, पिवळ्यात नुसती चरबी नि कोलेस्टेरॉल. शेजारच्या तालमीतले वस्ताद म्हणतात, पिवळं टाकायचं असलं तर अंडं आणतोस कशाला? आणि रूममेट दोन कच्ची फोडून दुधात ढवळून पितो. अंडं सध्या सात रुपयाला पडतंय, घरून पैसे मोजकेच येतात. कुणाचं ऐकू?

पोषण_ताई
मी सांगलीत आहारतज्ज्ञ आहे. आमच्याकडे भरतीची पोरं आणि शुगरचे पेशंट एकाच बाकावर बसलेले असतात, दोघांचा प्रश्न हाच असतो, आणि उत्तर मी दोघांना वेगवेगळं देते. तुझ्यापुरतं सांगते.

आधी पैशांचा हिशेब, कारण तो कुणी करत नाही. मध्यम आकाराच्या अंड्यात साधारण ६ ग्रॅम प्रोटीन आणि ७० कॅलरी. त्यातलं पांढऱ्यात साडेतीन ग्रॅमच्या आसपास प्रोटीन आणि फक्त १७ कॅलरी. म्हणजे उरलेलं अडीच ग्रॅम प्रोटीन त्या बदनाम पिवळ्यात आहे. आठ अंड्यांचं पांढरं खाऊन तुला २८-२९ ग्रॅम मिळतं. तेवढं पाच अख्ख्या अंड्यांत मिळतं. तीन अंड्यांचे एकवीस रुपये रोज, महिन्याचे सहाशे तीस, कचऱ्याच्या डब्यात. ट्रेनरच्या खिशातून जात नाहीत ना ते!

पण ट्रेनर अगदीच चुकीचा नाही. आठ पांढऱ्यांच्या कॅलरी १३५-१४०, पाच अख्ख्यांच्या साडेतीनशे. वजन उतरवताना हा फरक खरा आहे. शरीरसौष्ठवाच्या स्पर्धेआधी शेवटचे काही आठवडे मुलं पांढऱ्यावर येतात ती याचसाठी. तुला स्टेजवर उभं राहायचं नाहीये, पळायचंय. दोनशे कॅलरी कापायच्याच असतील तर आधी मेसच्या भाताचा दुसरा ढीग काप, आणि रविवारचा पांढरा रस्सा. त्यात नारळाचं दूध असतं, आणि कोल्हापुरात वाट्या मोजून तो कुणी पीत नाही, हे मला माहीत आहे.

पिवळ्यात काय असतं? अ आणि ड जीवनसत्त्व, बी१२ चा मोठा भाग, कोलीन, डोळ्यांसाठी ल्युटिन. पांढऱ्यात यातलं जवळजवळ काहीच नाही. आणि ताकदीबद्दल : अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात २०१७ मध्ये व्यायाम करणाऱ्या तरुणांना कसरतीनंतर एकदा अख्खी अंडी आणि एकदा नुसतं पांढरं दिलं, दोन्ही वेळा प्रोटीन सारखंच, १८ ग्रॅम. अख्ख्या अंड्यांनंतर स्नायूंमध्ये प्रोटीन तयार होण्याचा वेग जास्त आढळला. माणसं फक्त दहा होती आणि मोजमाप काही तासांचं, त्यामुळे मी यावर महाल बांधणार नाही. पण पिवळ्यानं स्नायूंचं नुकसान होतं म्हणणाऱ्याला एवढं उत्तर पुरे.

कोलेस्टेरॉलची भीती आली ती १९६८ पासून. अमेरिकन हार्ट असोसिएशननं आठवड्याला तीनपेक्षा जास्त पिवळी नकोत असं सांगितलं, आणि ते जगभर पसरलं. एका पिवळ्यात साधारण १८५ मिलिग्रॅम कोलेस्टेरॉल असतं हे खरंच. पण रक्तातलं बरंचसं कोलेस्टेरॉल आपलं यकृतच बनवतं, आणि बहुतेकांच्या बाबतीत ते वाढवण्यात तूप, डालडा, साय यांच्यातल्या संपृक्त चरबीचा हात अंड्यापेक्षा मोठा असतो. त्याच संस्थेनं २०१९ मध्ये निरोगी माणसाला रोज एक अख्खं अंडं चालतं असं म्हटलं. तुझं वय नि पळणं बघून मी दोनपर्यंत जाईन. घरात कुणाला कमी वयात हार्टचा त्रास झाला असेल तर आधी लिपिड प्रोफाइल, म्हणजे रक्तातल्या चरबीची तपासणी, कर.

म्हणजे दोन अख्खी, वर दोन पांढरी. सुमारे १९ ग्रॅम झालं. तुझ्या वजनाला नि कसरतीला दिवसाला ९० ते ११५ ग्रॅम प्रोटीन लागतं. उरलेलं सत्तर-नव्वद कुठून आणतोस ते मला सांग, अंड्याचं भांडण फार किरकोळ आहे.

रूममेटला सांग, कच्च्या अंड्यातलं प्रोटीन निम्म्याच्या आसपासच पचतं, शिजवलेल्यातलं नव्वद टक्के. शिवाय कच्च्या पांढऱ्यातलं अ‍ॅव्हिडिन बायोटिन या जीवनसत्त्वाला धरून ठेवतं, अंगी लागू देत नाही, आणि साल्मोनेला या जंतूची जोखीम वेगळी. हिरोगिरी सोड म्हणावं.

चाळिशीपार
ताईंचं पटलं, पण माझ्यासारख्यांनी हे वाचून पिवळ्यावर तुटून पडू नये. वडिलांना पन्नाशीच्या आत अ‍ॅटॅक, माझं एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) १७०, गोळी चालू. डॉक्टरांनी आठवड्याला दोन पिवळी सांगितलीत, बाकी पांढऱ्याचं ऑम्लेट. कांदा, मिरची, कोथिंबीर सढळ घातली की निभतं. हळद जरा जास्त टाकतो, म्हणजे निदान दिसायला तरी पिवळं!

मेसवाली_काकू
माझ्या मेसवर अशी अकरा-बारा पोरं आहेत. ताटात पिवळ्यांचा ढीग ठेवून उठतात, जीव जळतो बघून. आता मी आधीच विचारते आणि नको असलेली पिवळी बुर्जीत घालते, ती बुर्जी तीच पोरं मिटक्या मारत खातात.

आणि लेकरांनो, पिवळ्याभोवती हिरवट कड दिसली म्हणून शिळं म्हणू नका. जास्त उकडलं की तसं होतं, खायला काही हरकत नाही. पाण्याला उकळी आल्यावर नऊ-दहा मिनिटं, मग लगेच गार पाण्यात. अगदी ताजं अंडं सोलताना साल चिकटते, चार दिवसांचं सुटसुटीत निघतं. तपकिरी टरफलाचं म्हणजे गावरान असंही नाही, रंग कोंबडीच्या जातीवर असतो. त्यासाठी दुप्पट पैसे मोजू नका.

मैदानी_गडी
ताई, काकू, काका, सगळ्यांचे आभार. ताई, तुम्ही विचारलंत म्हणून काल दिवसभर लिहून काढलं. अंडी धरून जेमतेम ५५ ग्रॅम होतंय! सकाळी पोहे, दुपारी भात-आमटी-दोन चपात्या, रात्री तेच. चिकन फक्त रविवारी.

अजून एक अडचण. आमच्या घरी सोमवार, गुरुवार, शनिवार अंडं चालत नाही आणि श्रावण पूर्ण पाळतात. खोलीवर असलो तरी आईला खोटं सांगवत नाही.

पोषण_ताई
खोटं सांगायची गरजच नाही. पन्नास ग्रॅम सोया चंक्समध्ये २६ ग्रॅम प्रोटीन असतं, चार अंड्यांपेक्षा जास्त, आणि पैसे कमी. तेच रोजचं धर, अंडं असो वा नसो. सकाळच्या पोह्यांबरोबर मोड आलेली मटकी आणि मूठभर शेंगदाणे, दुपारी आमटी घट्ट, रात्री अर्धा लिटर दूध. श्रावणात जमेल तेव्हा शंभर ग्रॅम पनीर, त्यात १८ च्या आसपास मिळेल, पण चरबीही येते, तेव्हा त्या दिवशी शेंगदाणे कमी.

मैदानी_गडी
सोयाचा वास सहन होत नाही ताई.

मेसवाली_काकू
मिठाच्या पाण्यात पाच मिनिटं उकळ, घट्ट पिळ, ते पाणी टाकून दे. पुन्हा गार पाण्यात धुऊन पिळ. मग तिखट-मीठ, आलं-लसूण लावून तव्यावर कोरडं परत. तरी वास आला तर लिंबू पिळ.