मदत हवी आहे: जुन्या नावाच्या मोटारसायकलकडे विशीतली पोरं कशी वळतील?

नमस्कार मंडळी,

मी लातूरला एका दुचाकीच्या शोरूममध्ये विक्री बघतो. कंपनी जुनी आहे, नोकरी तिथलीच आहे, म्हणून नाव लिहीत नाही. दसऱ्याच्या आधी कंपनीची माणसं डीलरांची बैठक घेणार आहेत. विषय एकच: तरुण गिऱ्हाईक का तुटतंय. मलाही बोलायचंय. इथे गाडी चालवणारे, दुरुस्त करणारे, हप्ते फेडणारे सगळेच आहेत, म्हणून तुम्हाला विचारतोय.

आमच्या गाडीला मानणारा माणूस चाळिशी-पन्नाशीचा. लहानपणी गावात कुणाकडे तरी ही गाडी बघितलेली असते, तेव्हापासून मनात असते. हातात पैसा आला की तो सरळ येतो, ॲव्हरेजसुद्धा विचारत नाही. सोबत आलेला मुलगा मात्र बाजूला उभा राहून मोबाइलवर दुसऱ्याच गाडीचा व्हिडिओ बघत असतो.

यावर कंपनीकडून येतं काय, तर नवा रंग आणि लडाखची जाहिरात. लडाख सुंदरच आहे, पण आमच्याकडच्या पोराचा रोजचा रस्ता म्हणजे रूम ते क्लास, आणि सुट्टीत औसा-निलंग्याकडचं गाव. मे महिन्यात सिग्नलला थांबलं की जड इंजिनाची धग मांडीला लागते, ते त्या जाहिरातीत कुठे दिसत नाही.

माझं मत असं झालंय की इथे गाडी पोराला आवडावी लागते आणि बापाला पटावी लागते. कंपनी पोराच्या आवडीवरच सगळा खर्च करते. बाप येतो तो सोयाबीनचा हिशोब डोक्यात घेऊन. 2025 च्या सप्टेंबरात अतिवृष्टीने शेतं धुऊन नेली, तेव्हा दिवाळीला गाडी घ्यायची ठरवलेल्या कितीतरी घरांनी विषयच बंद केला. हप्ता किती बसेल, तालुक्याला मिस्त्री आहे का, उद्या विकली तर काय येईल, हे तो विचारतो. त्याच्या हातात द्यायला आमच्याकडे एक कागदसुद्धा नाही. सहामाही हप्त्याची, म्हणजे पीक निघाल्यावर भरायची सोय फायनान्सवाल्यांकडून कंपनीने करून घ्यावी असं मला फार वाटतं.

जुनं नाव तरुण होऊच शकत नाही, असं मात्र नाही. रॉयल एनफिल्डने ऑगस्ट 2022 मध्ये हंटर ही गाडी आणली. इंजिन त्यांच्याच क्लासिक गाडीचं, 349 सीसीचं. पण चाकं 17 इंची केली, वजन 195 वरून 181 किलोवर आणलं, सीट खाली घेतली आणि किंमत दीड लाखाच्या आसपास सुरू केली. नाव तेच ठेवून गाडी हातात हलकी केली. आपल्या वाळूजला 1985 पासून कारखाना असलेल्या बजाजचंच बघा. घराघरांत ती स्कूटरची कंपनी होती. 2001 मध्ये पल्सर आली आणि ज्यांचे वडील चेतक चालवत होते तीच पोरं पल्सरसाठी हट्ट धरून बसली.

हार्ले या अमेरिकन मोटारसायकल कंपनीची गोष्ट तर बैठकीत सांगायचीच असं ठरवलंय. 1903 पासूनचं नाव, पण 2020 मध्ये त्यांनी हरियाणातला बावलचा कारखाना बंद केला. मग हीरोबरोबर येऊन 2023 मध्ये एक्स440 काढली, सुरुवातीला 2 लाख 29 हजारांपासून. बरोबरचं पाऊल होतं. आता मात्र 22 सप्टेंबर 2025 पासून 350 सीसीपर्यंत जीएसटी 18 टक्के आणि त्याच्या वरच्या गाड्यांना 40 टक्के, एक्स440 त्या वरच्या गटातच बसते. म्हणजे तरुणाची पहिली गाडी 350 च्या आतच हवी, हे माझ्यासाठी तरी पक्कं झालं.

आणखी एक. बैठकीत कुणीतरी रील आणि स्टंटचा विषय काढणारच. मी त्याला विरोध करणार आहे. शोरूमला सोळा-सतरा वर्षांची लेकरं रोज येतात. गिअरच्या गाडीचं लायसन्स अठराशिवाय मिळत नाही, आणि अल्पवयीन मुलगा गाडी चालवताना सापडला तर पालकाला 25 हजार दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. ज्या घरातून आपण गिऱ्हाईक मागतो त्याच घराला अडचणीत आणायचं नाही.

तर जाणकारांनो, तुमच्या घरात शेवटची गाडी कुणी ठरवली आणि कशावरून ठरली? कंपनीकडे एकच गोष्ट मागायची असेल तर कोणती मागू?

गॅरेजवाला, परभणी:
मिस्त्री मागा. गावाकडचा माणूस शोरूमला यायच्या आधी आम्हाला विचारतो, "घेऊ का ही?" एप्रिल 2020 पासून सगळ्या नव्या गाड्या बीएस-6, म्हणजे धुराच्या कडक नियमाच्या झाल्या, बहुतेकांचं कार्ब्युरेटर जाऊन पेट्रोलचं इलेक्ट्रॉनिक इंजेक्शन आलं. मीटरवर इंजिनाचा दिवा लागला की तालुक्यातल्या मिस्त्री पोरांकडे बिघाड शोधायचा स्कॅनर नसतो, गाडी टेम्पोत घालून शहराला न्यावी लागते. मग आम्ही सांगतो, "नका घेऊ दादा, त्रास होईल." कंपनीने गॅरेजवाल्यांना शिकवावं, स्कॅनर परवडेल अशा किमतीत द्यावा आणि क्लच प्लेट, केबल, सेन्सर जवळ मिळेल असं बघावं. आमच्या तोंडून चांगलं निघालं तर तुमच्या जाहिरातीची गरज कमी पडेल.

नांदेडहून एक वाचक:
दादा, तुम्ही "पोरगा, पोरगा" असंच लिहिलंय. मी नोकरी करते, हप्ता मीच भरणार आहे. शोरूममध्ये पाऊल ठेवलं की मला स्कूटरकडे नेतात. मला मोटारसायकल हवी आहे. दोन्ही पाय टेकतील अशी सीट, उभ्या गाडीला एकटीने मागे ओढता येईल इतकं वजन, आणि टेस्ट राइडला मोकळं मैदान, एवढं केलं तरी माझ्या दोन मैत्रिणी लगेच येतील.

वाळूजचा कामगार:
आम्हा कंपनीतल्या पोरांची पहिली गाडी जुनीच असते. तुमच्याच ब्रँडची जुनी गाडी शोरूमने तपासून, कागद साफ करून, सहा महिन्यांची हमी देऊन विकली तर घेऊ की. एकदा सवय लागली की नवीनही तीच. रविवारी म्हैसमाळ-वेरूळला जाणाऱ्यांना सोबत घ्या, रस्त्यात बंद पडली तर पाठीमागे मिस्त्रीची गाडी असू द्या.

मूळ धागाकर्ता:
सगळ्यांचे मनापासून आभार. ताई, तुमचं म्हणणं एकदम बरोबर. टेस्ट राइडच्या मैदानासाठी बैठकीची वाट बघायची गरज नाही, मालकांशी उद्याच बोलतो. बैठकीत पहिली मागणी मिस्त्रींच्या प्रशिक्षणाची आणि स्कॅनरची ठेवतो, दुसरी तपासलेल्या जुन्या गाड्यांची. परभणीचे दादा, कोणते पार्ट जास्त अडतात आणि किती दिवस थांबावं लागतं तेवढं इथे लिहा. बीड, हिंगोली, धाराशिवच्या गॅरेजवाल्यांनीही भर घालावी. तालुक्यानुसार यादी छापून नेतो.