मदत हवी आहे: फोर्ड मॉडेल टी (उजवीकडे स्टिअरिंग) – साल ठरवणे, बेअरिंग, कॉइल, चाके

नमस्कार मंडळी,

आमच्या घरी एक फोर्ड मॉडेल टी आहे. कापडी टपाची टूरिंग. पणजोबांचा निपाणीला तंबाखूचा व्यापार होता, त्यांनी घेतलेली. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलवर रेशन आले तेव्हा ती वखारीत उभी केली, ती पुन्हा रस्त्यावर आलीच नाही. टप गेला आहे, गाद्या उंदरांनी संपवल्या आहेत, टायरचे नुसते तुकडे उरलेत. पण इंजिन, चासी, चारही चाके, बॉनेट, रेडिएटर आणि बॉडीचा बराचसा भाग जागेवर आहे.

वाटणीत वखार काकांकडे गेली आणि गाडी माझ्याकडे. तेव्हापासून सल्ल्यांना तोटा नाही. जीपचे इंजिन टाक, लाल रंग मार, वरातीला भाड्याने दे. मला यातले काहीही करायचे नाही. ही गाडी कारखान्यातून निघाली तशी, तिच्याच इंजिनावर चालती करायची आहे. आणि एकही नट खोलण्याआधी ती नेमकी कोणत्या सालची, कुठे बनलेली, हे मला कळायला हवे. म्हणून हा धागा.

आतापर्यंत जमवलेली माहिती देतो.

इंजिनाचा क्रमांक ब्लॉकच्या डाव्या बाजूला, पाण्याच्या नळीच्या तोंडावर कोरलेला आहे. ब्रशने साफ केल्यावर स्वच्छ वाचता आला. आधी इंग्रजी 'सी' अक्षर, मग सहा आकडे, पहिला आकडा ४. पुण्याच्या एका ओळखीच्या माणसाने इंटरनेटवरची यादी बघून '१९१४ची गाडी' असे सांगितले. घरात सगळे खूश झाले, पण मला ते पटत नाही. १९१४च्या मॉडेल टीचा रेडिएटर पितळी असतो आणि पुढचे दिवे गॅसचे. आमच्या गाडीचा रेडिएटर काळ्या पत्र्याच्या कवचाचा आहे आणि दिवे विजेचे, मूळच्याच वायरीसकट. काळे कवच १९१७च्या मॉडेलपासून आले. म्हणजे १९१४ नक्कीच नाही.

दुसऱ्या टोकाची खूण पेट्रोलच्या टाकीची. आमची टाकी पुढच्या सीटखाली आहे. १९२६च्या सुधारित मॉडेलमध्ये टूरिंगची टाकी काचेच्या पुढे, बॉनेटच्या मागे गेली. त्यामुळे माझ्या हिशेबाने गाडी १९१७ ते १९२५ मधली.

या टाकीवरून एक गोष्ट सांगतो. आजोबा सांगायचे की तवंदीचा घाट ही गाडी उलटी चढायची. लहानपणी आम्हाला वाटायचे, आजोबा मुलांना हसवायला सांगतात. पण ते अगदी खरे असणार. या गाडीला पेट्रोलचा पंप नाही, पेट्रोल स्वतःच्या वजनाने कार्बोरेटरकडे उतरते. टाकीत पेट्रोल कमी असले आणि चढ तीव्र असला की कार्बोरेटर टाकीच्या वर जातो आणि इंजिन उपाशी राहते. गाडी उलटी फिरवली की टाकी वर. शिवाय रिव्हर्स गिअर पहिल्या गिअरपेक्षाही जास्त ताकदीचा. घाटात गाडी फिरवून मागे बघत चढणाऱ्या पणजोबांचे चित्र आता माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही.

अजून एक विचित्र गोष्ट. बॉडीच्या लाकडी सांगाड्यातले बरेच स्क्रू चौकोनी खाचेचे आहेत. माझ्याकडचा एकही पेचकस त्यात बसत नाही. हे नंतर कोणी बदलले असतील का?

आता अडचणी.

इंजिन जाम आहे. हँडलला अजिबात हलत नाही. प्लग काढून चारही सिलिंडरमध्ये डिझेल आणि गिअर ऑइल ओतून ठेवले आहे.

बेअरिंग मोठी काळजी. क्रँकचे आणि कनेक्टिंग रॉडचे बेअरिंग व्हाइट मेटलचे (मऊ मिश्रधातू), थेट ओतून भरलेले. आजच्यासारखे शेल आणून बसवायचे काम नाही. कोल्हापुरात उद्यमनगरात चौकशी केली. पूर्वी जुन्या ऑइल इंजिनांचे बेअरिंग भरणारे कारागीर होते, आता ते काम करणारे कुणी राहिले नाही असेच सगळीकडे ऐकले. फाउंड्रीला तोटा नाही, लेथला तोटा नाही, पण ब्लॉकमध्ये व्हाइट मेटल ओतून लाइन बोअरिंग (सगळी बेअरिंग एका रेषेत कोरणे) करून देणारा हवा.

प्लगला ठिणगी देणाऱ्या कॉइलची पेटी आहे, आत चारही लाकडी कॉइल आहेत. दोन फुगून फुटल्यात आणि डांबर बाहेर आले आहे.

चाकांचे आरे लाकडी, प्रत्येक चाकाला १२. दोन चाकांचे आरे हाताने हलतात. आमच्याकडचे सुतार बैलगाडीची चाके करतात, तुंबा-आरे-पुठ्ठे सगळे बाभळीचे. ते म्हणतात, 'बाभळीत करून देतो, पन्नास वर्षे बघायला नको.' मूळ लाकूड हिकरीचे. बाभूळ चालेल का?

तर प्रश्न असे: 'सी' क्रमांकावरून साल कसे काढायचे? व्हाइट मेटलचे काम महाराष्ट्रात कुठे होते? कॉइल दुरुस्त करायच्या की नव्या मागवायच्या? आऱ्यांचे काय? आणि घरात एकही कागद नाही, तर आरटीओचे काय होईल?

ज्यांनी या काळातल्या गाडीवर स्वतः हात काळे केले आहेत त्यांनी कृपया सविस्तर लिहा. लांब प्रतिसाद आनंदाने वाचीन.

—

प्रतिसाद (विंडसर, कॅनडा)

तुमचा धागा वाचून फार आनंद झाला, कारण तुमची गाडी मी राहतो त्या गावची आहे!

इंजिनाच्या क्रमांकाआधीचा 'सी' म्हणजे कॅनडा. ब्रिटन सोडून बहुतेक सगळ्या ब्रिटिश साम्राज्याला गाड्या पुरवायचा हक्क फोर्डच्या कॅनडातल्या कंपनीकडे होता. त्यामुळे हिंदुस्थानात आलेल्या उजव्या स्टिअरिंगच्या बहुतेक मॉडेल टी डेट्रॉइट नदीच्या अलीकडच्या काठावर बनल्या. कारखान्याभोवतीच्या वस्तीचे नावच फोर्ड सिटी होते, १९३५मध्ये ती विंडसर शहरात मिसळली. मुंबईत फोर्डची भारतीय कंपनी १९२६ला निघाली, तीही कॅनडाच्या फोर्डचीच उपकंपनी.

कॅनडाच्या इंजिनांचे क्रमांक १९१३पासून वेगळे सुरू झाले. तुमच्या ओळखीच्यांनी अमेरिकन यादी लावली, म्हणून १९१४ निघाले. कॅनडाची यादी वेगळी, आणि तिथे हेच आकडे कितीतरी वर्षे पुढे येतात. ब्लॉकवर ओतकामाची तारीखही उठावदार आकड्यांत असते, ती शोधा. ग्रीस खरवडताना पत्री वापरू नका, ब्रश आणि रॉकेल पुरे. एवढे मात्र लक्षात ठेवा की क्रमांक इंजिनाचा आहे. शंभर वर्षांत कुणी इंजिन बदलले असेल तर बॉडी वेगळेच साल सांगेल. म्हणून दोन्हीकडच्या खुणा जुळतात का ते तपासा.

चौकोनी खाचेचे स्क्रू हा तर तुमचा सर्वांत मोलाचा पुरावा. ते रॉबर्टसन स्क्रू. पी. एल. रॉबर्टसन यांचा कारखाना ओंटारिओतल्या मिल्टन गावात होता आणि फोर्ड कॅनडा हे त्यांचे मोठे गिऱ्हाईक. अमेरिकन मॉडेल टीमध्ये ते नसत. म्हणजे बॉडीही कॅनडाचीच, आणि मूळचीच. एकही स्क्रू फेकू नका. पेचकस आता भारतातही ऑनलाइन मिळतो. डावीकडचे पुढचे दार खरे उघडते का तेही बघा. अमेरिकन टूरिंगमध्ये त्या काळी डावीकडचे पुढचे दार नुसते पत्र्यावर दाबलेले चित्र होते, कॅनडाच्या गाडीत दोन्हीकडे उघडणारी दारे.

नदीपलीकडे डिअरबॉर्नला बेन्सन फोर्ड संशोधन केंद्र आहे, फोर्डचा मोठा कागदसंग्रह तिथे जपलेला आहे. पण तुमच्या पणजोबांनी गाडी कुणाकडून घेतली हे तिथे मिळणार नाही. ते कोल्हापूरच्या किंवा बेळगावच्या जुन्या वर्तमानपत्रांतल्या एजंटांच्या जाहिराती आणि घरच्या वह्या-रोजमेळ यांतच सापडेल. व्यापाऱ्याचे घर आहे, रोजमेळ नीट चाळा.

—

प्रतिसाद (पुणे)

माझ्याकडे १९२०च्या दशकातलीच एक आहे, चालती आहे, म्हणून लिहितो.

इंजिन जाम असेल तर हँडलवर जोर मुळीच लावू नका. या गाडीचा क्रँक बारीक आहे, तीनच मेन बेअरिंगवर फिरतो. सिलिंडर हेड सुटे आहे, १५ बोल्ट. हेड काढा आणि पिस्टन वरून बघा. बऱ्याचदा एकच सिलिंडर गंजलेला असतो आणि तीन मोकळे.

बेअरिंग भरण्याआधी मोजा. रॉडच्या कॅपखाली पातळ शिम असतात, झीज कमी असेल तर शिम काढून भागते. भरावेच लागले तर रॉड अमेरिकेतून भरून मागवता येतात, ओहायोच्या स्नायडर्सकडे आणि मॅसॅच्युसेट्सच्या लँग्जकडे मॉडेल टीचा जवळपास प्रत्येक भाग मिळतो. दीड कोटींवर गाड्या बनल्या, त्यामुळे या एका गाडीच्या बाबतीत आपण भाग्यवान आहोत. ब्लॉकसाठी मात्र मोठ्या पंपांचे आणि जहाजांच्या इंजिनांचे काम करणाऱ्या वर्कशॉपमध्ये विचारा, व्हाइट मेटल तिथे अजून जिवंत आहे.

तुम्ही विचारले नाही, पण सर्वांत महत्त्वाचे हेच. मागच्या ॲक्सलच्या डिफरन्शियलमध्ये थ्रस्ट वॉशर असतात, मूळचे बॅबिट धातूचे, म्हणजे व्हाइट मेटलचेच. शंभर वर्षांनी ते भुगा होतात. पायाचा ब्रेक चाकांवर नाही, गिअरबॉक्सच्या ड्रमवर आहे. वॉशर फुटला की ॲक्सलमधले क्राउन व्हील पिनियनपासून सरकते, गिअरबॉक्सचा चाकांशी संबंध तुटतो आणि उतारावर ब्रेकच राहत नाही. इंजिन कितीही सुंदर चालू द्या, ॲक्सल उघडल्याशिवाय गाडी रस्त्यावर आणू नका. हे वॉशर ब्राँझचे हवेत, आणि ते उद्यमनगरातला कुठलाही चांगला टर्नर तासाभरात करून देईल.

कॉइल: डांबरात गाडलेला कागदी कपॅसिटर खराब होतो, तोच बदलायचा. पेटीचे लाकूड, पॉइंट, तारा शक्यतो मूळच ठेवा. फुटलेल्या दोनसाठी दुरुस्त केलेल्या मागवा. फ्लायव्हीलवरचे १६ चुंबक कमजोर झालेले असणार, पण सुरुवातीला १२ व्होल्टच्या बॅटरीवर कॉइल उत्तम चालतात. चुंबक नंतर गाडीतच पुन्हा भारता येतात.

आरे: बाभळीबद्दल सुतारांचे खरे आहे, लाकूड चिवट आहे. पण बैलगाडी पायी चालणाऱ्याच्या वेगाने जाते. ही गाडी ताशी ५० किलोमीटरने वळण घेते तेव्हा आऱ्यांवर आडवा ताण येतो, आणि सगळे आरे मध्यभागी पाचरीसारखे एकमेकांना दाबून उभे असतात. हिकरीचे तयार आरे मागवा आणि बसवायचे काम त्याच सुतारांकडून करून घ्या. हलणाऱ्या आऱ्यांना पाणी पाजून फुगवायचा उपाय कुणी सुचवला तर ऐकू नका.

टायर क्लिंचर (रिमच्या दुमडलेल्या कडेत अडकणारे) असतील तर हवा ५५-६० पौंड ठेवा, कमी हवेत टायर रिमवरून निघतो. आणि हँडल मारताना स्पार्क पूर्ण रिटार्ड (ठिणगी उशिरा पडेल असा), अंगठा बाकीच्या बोटांच्याच बाजूला, नेहमी खालून वर ओढायचे. याने मनगटे मोडली आहेत लोकांची.

—

प्रतिसाद (मुंबई)

कागदांबद्दल थोडक्यात. जुलै २०२१मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत व्हिंटेज गाड्यांची तरतूद आली. ५० वर्षांपेक्षा जुनी गाडी, मूळ रूपात, चासी-बॉडी-इंजिनात मोठा बदल नको. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, मुदत १० वर्षे, पुढे ५,००० रुपये. क्रमांकात राज्याच्या अक्षरांनंतर 'व्हीए' येते. प्रदर्शन, रॅली, संशोधन, देखभाल आणि पेट्रोल भरणे एवढ्यासाठीच रस्त्यावर आणता येते, व्यावसायिक वापराला बंदी. म्हणजे जीपचे इंजिन आणि वरातीचे भाडे दोन्ही बाद. नातेवाइकांना हा नियम दाखवा.

मूळ कागद नसतील तर वाटणीपत्रात गाडीचा उल्लेख आहे का बघा. नसेल तर इंजिन क्रमांकासह सर्व वारसांचे प्रतिज्ञापत्र आत्ताच करून घ्या. गाडी चालू झाली की तिच्यावर हक्क सांगणारे वाढतात.

—

धागाकर्ता

सर्वांचे मनापासून आभार. इतके नेमके कुणी सांगेल असे वाटले नव्हते.

डावीकडचे पुढचे दार उघडते! बिजागरी गंजली होती, तेल घातल्यावर मोकळी झाली. चारही दारे खरी आहेत. हेड काढले, तिसरा सिलिंडर गंजलाय, बाकीचे तीन आरशासारखे. ओतकामाची तारीख अजून सापडलेली नाही, मॅनिफोल्ड काढल्यावर पुन्हा बघतो. वारसांच्या प्रतिज्ञापत्राचे आजच काकांशी बोललो, ते तयार आहेत.

पुणेकरांना दोन प्रश्न. तिसऱ्या सिलिंडरमध्ये खड्डे नखाला लागतात. स्लीव्ह (सिलिंडरच्या आत नवी नळी) बसवायची की चारही बोअर करून जाड पिस्टन घ्यायचे? आणि ॲक्सल उघडणार आहेच, तर ब्राँझच्या थ्रस्ट वॉशरचे ड्रॉइंग, जाडी आणि पिनांच्या जागेसह, तुमच्याकडे असेल तर कृपया इथेच टाका. टर्नर वाट बघतोय.