मदत हवी आहे: बेसमेंटसाठी सम्प पंप कोणता घ्यावा?
नमस्कार मंडळी, आम्ही न्यू जर्सीत एडिसनला राहतो. सप्टेंबर 2021 मध्ये आयडा वादळात बेसमेंटमध्ये घोट्यापर्यंत पाणी आलं, आईने दिलेल्या पुस्तकांची दोन खोकी गेली. अजून हळहळ वाटते. आता मुलीची अभ्यासाची खोली खालीच आहे, म्हणून सम्प पंप (बेसमेंटच्या जमिनीतल्या खड्ड्यात साठलेलं पाणी उपसून बाहेर टाकणारा) बसवतोय. खड्डा 18 इंच रुंद, 24 इंच खोल. चेक व्हॉल्व्ह लावणारच, नाहीतर पाइपातलं पाणी परत खड्ड्यात उतरतं.

अडलंय ते पंपावर. पाणी 9 फूट वर चढवायला 1/3 एचपी पुरेल की 1/2 घेऊ? वीज नेमकी वादळातच जाते. बॅटरीवरचा जोडपंप तुमच्याकडे प्रत्यक्षात किती तास चालला? आणि हिवाळ्यात बाहेरचा पाइप गोठू नये म्हणून काय केलंत?